तेरावा तालुका

कोल्हापूर, रविवार

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

त्या लेखकाच्या कादंबरीसाठी तू काढून पाठवलेला कल्पित राज्याचा नकाशा मोबाईलवर काही केल्या नीट दिसेना. शेवटी तुझे पप्पा राजारामपुरीत जाऊन मोठ्या कागदावर छापून घेऊन आले. आता तो जेवणाच्या टेबलावर पसरलाय, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून. दोन दिवस आम्ही खाली बसून जेवतोय.

देखणा झालाय. डोंगर तर असे काढलेस की त्यांवरून हात फिरवावासा वाटतो. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं मी मास्तरीण होणार आहे.

तुझी ती मोठी नदी. उत्तरेच्या डोंगरातून निघते, राजधानीपाशी येते आणि तिथं दुभंगून एक फाटा पूर्वेच्या समुद्राला जातो, एक पश्चिमेच्या. असं सहसा होत नाही गं. नद्या वाटेत एकमेकींना मिळतात. फुटतात त्या अगदी शेवटी, समुद्राच्या तोंडाशी, गाळात. दोन समुद्रांना पाणी पाठवायचं तर मध्ये डोंगर हवा. गगनबावड्याला घाटमाथ्यावर आपण भिजत उभे होतो, आठवतं? अलीकडं पडलेला थेंब कुंभीतून पंचगंगेत, पंचगंगेतून कृष्णेत असा करत बंगालच्या उपसागराला जातो. पलीकडं पडलेला घाट उतरून कोकणातनं अरबी समुद्रात. पडताना दोघांत अंतर हातभर. समुद्र इतका जवळ असताना आपल्या नद्या त्याच्याकडं पाठ फिरवून अख्खं दख्खन ओलांडतात, हे तिसरीच्या पोरांना कधी खरंच वाटायचं नाही.

दुसरं, राजधानी. नदीच्या वळणात, अगदी पोटात वसवलीस. दिसायला छान, पण २०१९ चा आपला पूर विसरलीस का? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं. पाऊस होताच, पण खाली नरसोबाच्या वाडीला कृष्णा स्वतःच तुडुंब; ती पंचगंगेला आत घेईना. मग फुगवटा मागं मागं सरकत आला. तेव्हा गावात कुणी कुणाला ‘कसे आहात’ विचारत नव्हतं, ‘किती फुटांवर आहे’ एवढंच विचारायचे. पूर्वीची वस्ती ब्रह्मपुरीच्या टेकाडावर होती ती उगाच नव्हे. तुझ्या राजाला राहायचं तर राहू दे खाली. पण पाणी पात्राबाहेर पडल्यावर लोक म्हशी कुठं हलवतात, ती जागा मला नकाशात दिसली पाहिजे.

आता नावं. राजधानीचं ‘आर्झेलथोर’ हे पप्पांनी तीनदा वाचलं, तीन वेगवेगळ्या प्रकारे. एसटीत बसून एखादी म्हातारी ‘दोन आर्झेलथोर द्या’ म्हणेल का? कागदावर वाडी रत्नागिरी असलं तरी माणसं म्हणतात जोतिबा. नृसिंहवाडीची नुसती वाडी होते. बावडे तर दोन, कसबा आणि गगन, आणि दोन्हीकडची माणसं आपल्या गावाला बावडाच म्हणतात. कंडक्टरनं विचारावं, कुठला? तुझ्या नकाशात प्रत्येक गावाला एकच नाव आहे, तेही पूर्ण. तिथं कुणी घाईत बोलत नाही असं दिसतं.

मोजपट्टी काढलीस ते बरं केलंस, पण लेखकाला एक विचार. त्यांचा तो दूत तुझ्या नकाशावर दोन बोटं अंतर एका दुपारीत कापतो, तेही पावसाळ्यात. महाराज १२ जुलै १६६० च्या रात्री पन्हाळ्यावरून निघाले ते दुसऱ्या दिवशी विशाळगडाला पोचले. पन्नास-साठ किलोमीटर असेल. आषाढातला चिखल, अंधार, मागं शत्रू, आणि खिंडीत बाजीप्रभू राहिले म्हणून पोचले. आजची ट्रेकवाली पोरं त्याच वाटेला दोन दिवस घेतात.

बास. आता जे लिहायला बसले होते ते.

प्रयाग चिखलीला वर्गाची सहल नेली की पोरं संगमावर नद्या मोजायची. दिसायच्या दोनच, भोगावती आणि कासारी. कुंभी आणि तुळशी वरच भोगावतीला मिळालेल्या, हे कसंबसं पटायचं. मग एखादं कार्टं विचारायचंच, ‘बाई, पाचवी कुठाय?’ पाचवी सरस्वती, गुप्त. शाळेत फळ्यावर निळ्या खडूनं मी चार रेघा सलग ओढायचे आणि पाचवी तुटक. दरवर्षी. कुणाला कधी दिसली नाही ती नदी, पण ती काढल्याशिवाय पंचगंगा पुरी होत नाही.

आणि त्याच फळ्यासमोर मी तुला शून्य दिला. जिल्ह्याच्या कोऱ्या नकाशात बारा तालुके भरायचे होते, तू तेरा भरलेस. तेरावा चंदगडच्या खाली, सरळ हद्द ओलांडून. सीमाप्रश्न तू एका पेन्सिलीत मिटवला होतास. मला तेव्हा हसू आलं होतं, पण बाईंच्या पोरीला सवलत मिळते असं कुणी म्हणायला नको म्हणून सगळ्यांसमोर खोडायला लावलं. तू कागद फाटेस्तोवर घासत होतीस, वर बघितलं नाहीस.

तूच मागं सांगितलं होतंस ना, ट्रेझर आयलंडचा नकाशा लेखकानं १८८१ साली सावत्र मुलाबरोबर घरात बसून गंमत म्हणून रंगवला, त्यातनं कादंबरी निघाली आणि छापायला पाठवलेला तो नकाशा हरवलाच. मग पुस्तकातली वर्णनं जुळवत दुसरा करावा लागला, पण त्याला तो कधी आपला वाटला नाही. हे तू हसत सांगत होतीस. मी भाकरी थापत होते, काही बोलले नाही.

परवा माळा आवरताना तुझी तिसरीची वही सापडली. ते पान खिडकीशी तिरकं धरलं की पेन्सिलीचे वळ अजून दिसतात. एक तळं आहे. तळ्याकाठी देऊळ, नाहीतर शाळा असेल. एक रस्ता सरळ आजऱ्याकडं जातो. तालुक्याच्या गावाचं नाव ‘भ’ नं सुरू होतं आणि शेवटी ‘वाडी’ आहे. मधलं गेलंय, ‘भ’ वरची मात्राही गेलीय. पप्पा भुतेवाडीवर अडून बसलेत, मी म्हणते भोपळेवाडी.

काय होतं ते कळव. फोनवर नको, लिहून.

तुझी,
आई