प्रात्यक्षिकाची वही एकदा यंत्रावर चालवून बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक आहे, नोकरीला सव्वीस वर्षं झाली. यंदा लिनक्स या संगणक प्रणालीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक मुलगी दहा मिनिटं एकच फाइल शोधत बसली होती. प्रश्न होता, 'इनिटॅब फाइल उघडून रनलेव्हल सांगा', म्हणजे यंत्र कोणत्या अवस्थेत सुरू व्हायचं ते त्या फाइलमधून वाचा. पडद्यावर दर वेळी तेच, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', म्हणजे अशी फाइलच नाही. तिला वाटलं, आपलंच स्पेलिंग चुकतंय. मला तर तोंड उघडायची सोय नव्हती. आमच्या यंत्रांवर लिनक्सचा डेबियन 12 हा अवतार आहे आणि त्यात ही फाइल नसतेच. यंत्र सुरू करायचं काम फेडोरा या दुसऱ्या अवताराने 2011 मध्ये आणि डेबियनने 2015 मध्ये सिस्टमडी या नव्या प्रोग्रामकडे सोपवलं, तो ही फाइल वाचत नाही. प्रश्नपत्रिकेच्या कानावर ते अजून गेलेलं नाही.

पुढचा प्रश्न 'बिन' आणि 'यूएसआर-बिन' या आज्ञा ठेवायच्या दोन फोल्डरांतल्या फरकाचा. एका मुलाने सरळ यादी काढून दाखवली की इथे 'बिन' ही नुसती दुसरीकडे नेणारी लिंक आहे, आज्ञा सगळ्या 'यूएसआर-बिन'मध्येच आहेत. वहीतलं उत्तर नाही म्हणून त्याचे दोन गुण गेले.

वहीतलं उत्तर मीही वर्षानुवर्षं पाठ म्हणून घेतलंय, की हा फरक युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बनलं त्या जुन्या प्रणालीच्या, थोर रचनेचा भाग आहे. खरी गोष्ट जागेच्या टंचाईची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युनिक्स बनवणाऱ्या थॉम्पसन आणि रिची यांच्या पीडीपी-11 संगणकावरची पहिली डिस्क भरली, म्हणून आज्ञा दुसऱ्या डिस्कवर, वापरकर्त्यांच्या 'यूएसआर'मध्ये गेल्या. दुसरी डिस्क जोडणारी 'माउंट' आज्ञा मात्र पहिलीवरच हवी. किल्ली कुलूपबंद कपाटात ठेवून कसं चालेल? आता ते सुरुवातीचं काम इनिटरामएफएस, म्हणजे यंत्र सुरू होताना मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती फाइल-व्यवस्था, करते. म्हणून फेडोराने 2012 मध्ये दोन्ही घरं एक केली, डेबियनने 2023 पर्यंत वाद घालून.

सिस्टमडीवर माझा राग होता, थोडा अजून आहे. लॉग, म्हणजे यंत्राच्या कामाच्या नोंदी, साध्या मजकुरात ठेवायला काय हरकत होती? 2014 मध्ये सिस्टमडी घ्यावं का यावर डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली, अध्यक्षांच्या मताने निकाल लागला आणि नाराजांनी सिस्टमडीशिवायचं देवुआन काढलं. तिथे आणि स्लॅकवेअर या जुन्या लिनक्सवर इनिटॅब आजही सापडेल. पण आमच्या खोलीत ते नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत बॅकअपची बाहेरची डिस्क कोणीतरी काढून नेली. 'एफएसटॅब'मध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, तिची ओळ तशीच. सर्व्हर सुरू केला तर दीड मिनिट लाल ठिपके इकडून तिकडे, मग 'इमर्जन्सी मोड' आणि रूटचा, म्हणजे मुख्य वापरकर्त्याचा, पासवर्ड द्या. जुनी पद्धत बहुधा कुरकुर करून पुढे गेली असती. त्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नको) एवढा एक शब्द घातला आणि गाडं हललं. तो शब्द सापडायला माझी अख्खी दुपार गेली. वहीत तो नाही. वहीत सात रनलेव्हल आहेत, तक्त्यासकट.

अभ्यास मंडळाला एवढीच विनंती, की नवी वही छापायला टाकण्याआधी कोणीतरी तिच्यातली प्रत्येक आज्ञा एकदा यंत्रावर चालवून बघावी. आमची खोली सकाळी साडेआठला उघडते.

– एक प्रयोगशाळा सहायक, मिरज