सहा आणि दहा

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या खेपेस मी फोनवर 'सहा वाजता पोहोचते' असे सांगितले, आणि बाबा, तुम्ही 'दहा' ऐकलेत. वर 'तू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस' हा ठपका माझ्यावरच आला. तेव्हा मी हसून सोडून दिले. पण घोळ नेमका याच दोन शब्दांत का व्हावा, हे मागाहून उमगले. दोन्ही शब्दांतले स्वर सारखेच, फरक एका व्यंजनाचा, आणि 'स'चा ध्वनी फार उंच पट्टीतला. कान मंद होऊ लागतात ते बहुधा याच पट्टीपासून. त्यामुळे आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाही, आणि समोरचा माणूसच पुटपुटतो आहे असे वाटते.

'वयोमानाने व्हायचेच' हे तुमचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु तुमच्या सिगारेटींचाही त्यात वाटा असू शकतो, हे आपल्या घरात कधी कोणी बोलले नाही. फुप्फुसांवरून आईने तुम्हाला पुष्कळ सुनावले. कान तेवढे सुटले.

कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, वाटाण्याएवढी एक पोकळी असते. तिच्यातल्या सुमारे १५,००० केसपेशी ध्वनीचे कंपन टिपून मेंदूकडे धाडतात. तिथे रक्त पोहोचवणारी धमनी अगदी बारीक असते आणि ती अडली तर दुसरी वाट नसते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने चिकटून बसतो. म्हणजे रक्त कमी आणि त्यातही प्राणवायू अपुरा, अशी त्या पेशींची दुहेरी उपासमार होते. माणसाच्या कानात एकदा मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. जे गेले ते सिगारेट सोडून परत मिळेल असे खोटे आश्वासन मी देणार नाही. मात्र जपानमधील सुमारे ५०,००० कामगारांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूम्रपान सोडल्यावर पाच वर्षांच्या आत ऐकू कमी येण्याचा धोका घटलेला आढळला. म्हणजे अजून शिल्लक आहे ते राखता येईल.

आई, तू आयुष्यात एकही सिगारेट ओढली नाहीस, पण रोज संध्याकाळी त्याच खोलीत, त्याच धुरात बसतेस. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात साडेतीन हजारांहून अधिक प्रौढांच्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, धूम्रपान करणाऱ्यांत श्रवणदोषाचे प्रमाण तर अधिक दिसलेच, पण त्यांच्यासोबत राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्यांतही ते जास्त आढळले. टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो तो फक्त बाबांसाठीच, असे तू म्हणतेस. मला तशी खात्री वाटत नाही.

म्हणून श्रवणचाचणी दोघांचीही करायची आहे. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचे, बारीकसा सूर ऐकू आला की बटण दाबायचे, इतकेच. सुई नाही, दुखणे नाही. सिगारेट सोडण्यासाठी निकोटिनचे च्युइंगगम चालेल का, हेही त्याच दिवशी डॉक्टरांना विचारू. तोपर्यंत बाबा, निदान खोलीत ओढू नका, एवढी विनंती आहे.

येत्या शनिवारी अकरा वाजता मी तुम्हाला न्यायला येते. वेळ मुद्दाम फोनवर न सांगता लिहून कळवली आहे.

तुमची,
लेक