मज्जातंतू म्हणजे वायर नव्हं

माननीय संपादक, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मज्जातंतूवर छापलेलं वाचलं, बाकी चांगलं होतं पण "शरीरातली विजेची वायर" हे काही पटलं नाही. माझं सेलूला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, जन्म वायरीत गेलाय म्हणून बोलायलो.

डीपीपासून विहीर लांब असली अन् केबल बारीक टाकली की शेवटाला व्होल्टेज पडतंय, मोटार नुसती घुमते अन् जळून माझ्याकडं येते. नसेत, म्हणजे मज्जातंतूत, असं होत नाही. पायाच्या अंगठ्यातला सिग्नल मणक्यापर्यंत तेवढाच्या तेवढा पोचतो, कारण तिथं करंट ह्या टोकातून त्या टोकाला धावतच नाही. पेशी आतून बाहेरपेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टनं उणी असते, सिग्नल आला की पडद्यातली सोडियमची दारं उघडून सोडियम आत घुसतं, त्या धक्क्यानं पुढची दारं उघडतात, मग त्याच्या पुढची, तोवर मागं पोटॅशियम बाहेर पडून जागा होती तशी. म्हणजे पावलापावलाला नवा सप्लाय! हॉजकिन अन् हक्सली ह्या शास्त्रज्ञांनी स्क्विड नावाच्या समुद्री जीवाच्या जाड नसेवर मोजून हे १९५२ ला मांडलं, १९६३ ला नोबेलही मिळालं.

इन्सुलेशन असतं, मायलिन म्हणतात, पण मधीमधी उघडं सोडलेलं. मी असं वाइंडिंग केलं तर गिऱ्हाईक दुकानात येऊन मारील, पण तिथं तेच कामाचं, सिग्नल एका उघड्या जागेवरून दुसरीवर उड्या मारतो अन् जाड नसेत सेकंदाला १०० मीटरच्याही वर जातो. बिगर मायलिनच्या बारीक नसेत जेमतेम एक-दोन मीटर.

भंगारातला स्टार्टर उचलताना पायाला विंचू चावला तेव्हा मला हे नीट कळलं. आधी सुई टोचल्यासारखं चमकलं, पाय झटकला, अन् आग मग मागून आली. कळ मायलिनवाल्या नसेतून, आग हळू नसेतून.

विंचवाचं विष हीच सोडियमची दारं लवकर मिटू देत नाही, म्हणून नसा पेटलेल्याच राहतात, घाम, उलटी, बीपी वर, हृदयावर ताण. लाल विंचवावर प्राझोसिनची गोळी चालते हे आपल्या जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला पेशंट बघत दाखवून दिलं. तरी शेजारचे मला उतरवणाऱ्याकडंच न्यायला निघाले होते, मी भांडून दवाखाना गाठला.

तेवढं चित्रातली वायर काढा अन् विंचवाचं टाका, पेरणीच्या आधी छापलं तर लोक कापून ठेवतील.

— एक वाइंडिंगवाला, सेलू, जि. परभणी