हिरड्यांच्या कार्डावर रुग्णाच्या त्रासालाही रकाना हवा

महोदय,

खेडोपाडी भरणाऱ्या दंततपासणी शिबिरांचे स्वागतच आहे. परंतु तेथील कार्डावर दात किती उरले, किती हलतात आणि हिरडी सुटून पडलेली फट किती मिलिमीटर खोल आहे, एवढेच नोंदले जाते. हिरड्यांच्या आजाराने माणसाचे खाणे, बोलणे आणि चारचौघांत बसणे किती बिघडले, हे कुठेच लिहिले जात नाही.

हे मोजण्याचे साधन नवे नाही. दंतआरोग्याचे संशोधक गॅरी स्लेड यांनी 1997 मध्ये सुटसुटीत केलेली 'ओएचआयपी-14' ही, तोंडाच्या तक्रारींचा रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम मोजणारी प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. तिच्यातील 14 प्रश्नांना 'कधीच नाही' ते 'नेहमीच' असे 0 ते 4 गुण असतात आणि बेरीज जितकी 56 च्या जवळ, तितका रुग्णाचा त्रास अधिक.

मात्र ती आपल्याकडे जशीच्या तशी भरून घेतल्यास फसगत होईल. आमच्या गावच्या शिबिरात मी नावे लिहून घेत होतो. खाताना त्रास होतो का, असे विचारल्यावर एक वयस्क बाई 'नाही जी, काही तरास नाही' म्हणून मोकळ्या झाल्या. भाकर कशी खाता मावशी, असे विचारले तेव्हा कळले की ज्वारीची भाकर वरणात कुस्करून मऊ झाल्याखेरीज त्यांना खाता येत नाही, हुरडा आणि फुटाणे कधीचेच सुटले आहेत आणि तोंडाला वास येतो म्हणून बोलताना त्या पदर आडवा धरतात. वय झाले की दात हलायचेच, असे ज्यांनी धरून चालले आहे, त्यांचे गुण शून्याजवळ येतील आणि आजार मात्र बळावलेला असेल. हा आजार सुरुवातीला फारसा दुखत नाही. त्यात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्तही कमी येते, म्हणजे सावध करणारी खूणच दबते.

म्हणून प्रश्न भाकर, फुटाणे, पदर यांच्याच भाषेत विचारावेत. असे बदललेले प्रश्न आधी काही रुग्णांवर पडताळून घ्यावे लागतील; नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाने ते काम हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मिळालेले गुण फटीच्या खोलीशेजारीच लिहावेत आणि उपचारानंतर काही महिन्यांनी पुन्हा विचारावेत. आरंभ मधुमेहाच्या गोळ्यांसाठी आरोग्य केंद्रात येणाऱ्यांपासून करता येईल, कारण मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ