दहावा

ठाणे, शुक्रवार दुपार

ती. आई-बाबांस,

दोघांना शालोम आणि हातबोशी.

घर घेतलं. भाड्याचंच, दोन खोल्या, टेंभी नाक्यापासून पायी सात मिनिटांवर. शब्बाथला, शनिवारच्या विसाव्याला, गाडी नको, म्हणून आपल्या ज्यूंच्या मशिदीजवळच, सिनेगॉगजवळ शोधलं. परवा फोनवर मी शमूच्या अकरावीच्या ॲडमिशनचं बोललो. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं फोनवर जमेना. बाबा नुसतं 'हं' म्हणून गप्प झाले की माझा धीर सुटतो.

बाबा, शमू तेरा वर्षांचा होऊन मोठ्यांत धरला गेला, त्या बार मित्स्वाला तुम्ही आळीत घरोघरी पेढे देत 'आमचा दहावा आला' म्हणून सांगत होतात. दहा पुरुष जमल्याशिवाय आपली सामूहिक प्रार्थना होत नाही ना! तेव्हापासून तीन वर्षं दर शनिवारी तुम्ही तेवापाशी, प्रार्थनेच्या चौथऱ्यापाशी, उभे राहून 'होशिया' म्हणता. माणसं मोजायची नाहीत, म्हणून 'होशिया'नं सुरू होणाऱ्या त्या पसूकाच्या, वचनाच्या, दहा शब्दांतला एकेक शब्द एकेका डोक्यावर. शेवटचा 'हाओलाम' शमूवर पडला की तुमचा चेहरा असा काही उजळतो! तो बघायला मी मागचा बाक सोडत नसे.

पण शमूला ते कसं वाटतं, हे मी उशिरा विचारलं. पावसाळ्यात त्याला ताप होता, तरी काकडत येऊन बसला, कारण तो नसता तर धर्मग्रंथाची गुंडाळी, सेफेर, बाहेर निघालं नसतं. त्या रात्री मला म्हणाला, "आजोबांना मी हवाय की दहावा?" राग मानू नका. या वयात पोरं असंच बोलतात, मीही तुम्हाला कमी टोचून बोललो नाही. आणि तुम्हीच त्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसला होतात, हे त्यालाही ठाऊक आहे. पण त्या मशिदीत त्याच्या सगळ्यात जवळच्या वयाचा माणूस म्हणजे मी, सत्तेचाळीस वर्षांचा. माझ्या वेळी आम्ही सहा पोरं होतो. पाच जण इस्रायलला, लोदला आणि दिमोनाला गेले.

सुट्टीत तो इथे ठाण्याला मामाकडे राहिला, तेव्हा इथल्या मशिदीतल्या पोरांनी त्याला शोफार, मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, फुंकायला दिलं. तीन दिवस ओठ सुजवून हिंडत होता. आवाज एकदाच निघाला, तोही म्हशीसारखा, पण सगळे हसले आणि तोही हसला. बाबा, मशिदीत हसलेला शमू मी पहिल्यांदा बघितला. त्याच दिवशी मनात ठरलं. कॉलेजच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात त्यानं न विचारता 'ज्यू' लिहिलं. २०१६ ला राज्य सरकारनं अल्पसंख्याक दर्जा दिला, आता निदान 'इतर'वर खूण करावी लागत नाही.

थोरलीचं वेगळंच. ती म्हणते, मला दहांत धरतच नाहीत, मग मी कुठेही राहिले तर काय फरक? याला माझ्याकडे उत्तर नाही. आई, तुला योसेफाचं कीर्तन पाठ आहे, ते तिला शिकव. तुझं ऐकेल.

इथली मशीद १८७९ ची, आपलीही काही कालची नाही. तुमच्या दहांतले दोन मी उचलून आणलेत, हे मला कळतं. लहानपणी तुमच्या प्रार्थनेच्या शालीच्या, तल्लेथच्या गोंड्यांशी खेळत मी तुमच्या मांडीला टेकून झोपायचो. आता तिथं बसणारी माणसं कमी करून आलोय, म्हणून हे लिहिताना पेन अडतंय.

तरी असं ठरवलंय: एक आड एक शुक्रवारी ऊन असताना मांडव्याच्या बोटीनं आम्ही सगळे येणार आणि शनिवारी हवदाला, शब्बाथच्या निरोपाचा विधी, झाल्यावर निघणार. आजीच्या वर्षाच्या कद्दीशला, तिच्यासाठीच्या प्रार्थनेला, इथून आणखी दोघे जण येतो म्हणालेत. तुमचं 'आपलं घर सोडून आम्ही कुठे येऊ' हे मला पाठ आहे, म्हणून तुम्ही इकडे या असं म्हणतही नाही.

आता ऐका. बाबा, तेलाचे दिवे लावायला स्टुलावर चढायचं नाही. शेजारच्या पोराला सांगून ठेवलंय, तो गुरुवारीच तेल घालून वाती नीट करून ठेवेल, शुक्रवारी लावायलाही येईल. बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी. आई, तू ती त्यांच्या हातात दे, डबीवर विसंबू नकोस. सिलिंडर नोंदवलाय. कोळीण मंगळवारी दारात येईल, सुरमईच घे, बांगड्यावर भागवू नकोस. मालिद्याचे पोहे आणि सब्जा मी आणेन, नारळ मात्र आपल्याच झाडाचा काढून ठेव.

ऊन उतरलंय, ही मेणबत्त्या काढतेय, लिहिणं थांबवायला हवं. शमू विचारतोय, पुढच्या शनिवारी 'होशिया' त्यानं म्हटला तर आजोबांना चालेल का. मी म्हटलं, तूच विचार. तो फोन करेल, उचला.

आई, किद्दुशच्या, शब्बाथच्या आशीर्वादाच्या, शरबताला मनुका जरा जास्त भिजत घाल.

तुमचा,
बाळू