मोकाट कोणी सोडला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुटून पुन्हा पकडल्या गेलेल्या मनोरुग्णाबद्दलची 'माथेफिरू पुन्हा मोकाट' ही कालची बातमी वाचली. त्याच्यावरचे आधीचे सगळे गुन्हे तारीखवार चौकटीत दिलेत, मेहनत दिसते. 'मोकाट' हा शब्द गुराढोरांसाठी असतो, तेही सोडून देते. पण मी शोधत होते ती एकच ओळ त्या चौकटीत नव्हती: मधल्या काळात त्याचं औषध चालू होतं का? एकदा सुटला आणि पुन्हा धरला गेला, या दोन तारखांच्या मध्ये त्याला कोणी डॉक्टर भेटला का? बातमीदाराने विचारलंच नाही, की विचारलं आणि जाहिरातीमुळे जागा उरली नाही?

मला हे सुचतं, कारण माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. दर चार आठवड्यांनी एक इंजेक्शन मिळालं की दादा आमच्यातलाच एक असतो. पेपर वाचतो (तुमचाच), शब्दकोडं सोडवतो, भाच्याची गणितं तपासतो. इंजेक्शन चुकलं की लगेच काही होत नाही, आणि तिथेच खरी गोम आहे. औषध अंगातून हळूहळू उतरतं. काही दिवस तो ठीक असतो आणि "बघ, मला काही झालेलंच नव्हतं" म्हणतो. हा हट्ट नव्हे. आपण आजारी आहोत हे न उमगणं हा पुष्कळदा त्या आजाराचाच भाग असतो. मग झोप जाते, आणि मग शेजारचे भिंतीतून त्याच्याबद्दल बोलायला लागतात.

चार वर्षांपूर्वी अशाच दिवसांत त्याने रस्त्यात एका अनोळखी माणसाची कॉलर धरली आणि त्याचा मोबाइल हिसकावून आपटला. पोलिसांनी धरलं, योग्यच केलं. त्या माणसाच्या जागी मी असते तर मीही बोंब ठोकली असती. दादाची फाइल घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. पहिल्याच पानावर इंजेक्शनच्या तारखा, पुढच्या तारखेला लाल पेनाने गोल. साहेबांनी ती उघडलीही नाही, "बाई, हे कोर्टात दाखवा." कोर्टात वकील म्हणाले, तुरुंगातल्या डॉक्टरांकडे द्या. तुरुंगाच्या दारावर सांगितलं, कागद आत जात नाहीत, कपडे जातात. म्हणून मी फाइल दोन बनियनांच्या मध्ये घालून दिली. बनियनं आत गेली, फाइल परत आली.

एकोणीस दिवसांनी जामीन झाला. कधी सोडणार हे कोणी कळवलं नाही. रात्री साडेनऊला तो एकटाच दारात उभा, हातात पिशवी आणि कोर्टाच्या पुढच्या तारखेचा कागद. औषधाची चिठ्ठी नाही. लाल गोलातली तारीख केव्हाच उलटून गेली होती, आणि आता तो इंजेक्शन घ्यायला तयार नव्हता. रुग्णालयात म्हणाले, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर दाखल करू. म्हणजे, आधी कोणाला तरी मारून या. दीड महिन्यात पुन्हा तेच पोलीस ठाणं, तेच साहेब, आणि वर मलाच: "घरच्यांनी लक्ष द्यायला नको का?"

शेजारच्या अग्रलेखात आपण 'कायद्याचा धाक' हवा म्हटलंय. भिंतीतले आवाज ऐकणाऱ्याला धाक कसा घालायचा, तेही लिहायचं होतं.

1999 च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीला भुयारी रेल्वेखाली ढकललं गेलं. ढकलणाऱ्याला स्किझोफ्रेनिया होता, आधीही त्याने लोकांवर हात उचलला होता. पण तो रुग्णालयांचे उंबरठेही झिजवत होता, स्वतःहून 'मला ठेवून घ्या' म्हणत होता. काही आठवड्यांपूर्वीच त्याला घरी सोडलेलं. त्याच वर्षी तिथे कायदा झाला की अशा वारंवार परतणाऱ्या रुग्णाला घरी राहूनच उपचार घ्यायला न्यायालय सांगू शकतं, आणि ते पुरवायचे कोणी हेही ठरवून देतं. त्या मुलीच्या नावाने तो 'केंद्राज लॉ' म्हणून ओळखला जातो. (आपल्याकडे हे नाव वाचून केंद्र सरकारचा वाटेल.) त्यावरही वाद आहेत, सक्ती म्हटली की असणारच. पण निदान सुटकेची तारीख आणि औषधाची तारीख एकाच कागदावर आली.

मनोरुग्ण म्हणजे हल्लेखोर, असं माझं म्हणणं नाही. बहुतेक जण कोणाच्या अध्यातमध्यात नसतात, उलट मारच खातात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सायकोसिस (भास-भ्रमांमुळे खरं-खोटं न कळण्याची अवस्था, स्किझोफ्रेनियात होते तशी) असलेल्या तिघांपैकी दोघांहून अधिक जणांपर्यंत तज्ज्ञांचे उपचार पोचतच नाहीत. पुन्हा पुन्हा पकडले जाणारे त्यातले मूठभर, आणि त्या मूठभरांना पोलीस नावानिशी ओळखतात. ओळख एवढी आहे, तर पुढचं इंजेक्शन कधी, हे कोणालाच का ठाऊक नसतं?

माझं नाव छापू नये. दादा पेपर पहिल्या पानापासून वाचतो.

आपली,
एक वाचक

ता. क. गेल्या दोन रविवारच्या शब्दकोड्यांची उत्तरं आपण छापलेली नाहीत. सात उभं अडलंय. दादा रोज विचारतो.