गाऱ्हाणे घाला, पण औषध थांबवू नका

महोदय,

वडील गेल्यावर पहिले काही महिने आई पहाटे उठून सांगायची, ‘हे पडवीत फिरत होते, चपलांचा आवाज आला.’ आम्ही भावंडे घाबरलो. मग वाचनात आले की, वेल्समधील डॉक्टर डेवी रीस यांनी जवळपास तीनशे विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये लेख लिहिला होता. त्यांतल्या सुमारे निम्म्या जणांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागत होती. अनेकांना त्याचा आधार वाटे, तरी बहुतेकांनी ते कुणाला सांगितलेले नव्हते. त्यानंतर आम्ही आईचे बोलणे खोडून काढणे बंद केले. आपोआपच तो आवाज यायचा थांबला.

आमच्या सिंधुदुर्गात देवळात गाऱ्हाणे घालतात. मनातली भीती चारचौघांत मोठ्याने बोलली जाते, आणि सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. त्याने माणसाला किती बळ येते, हे मी पाहिले आहे.

पण चुलतभावाचे जे झाले तेही पाहिले आहे. बाविसाव्या वर्षी त्याची झोप उडाली, कानात कोणी बोलते म्हणू लागला. घरच्यांनी ठरवले, बाहेरची बाधा. भगताने करणी सांगितली, आणि ती करणारी म्हणून बोट दाखवले सख्ख्या काकूकडे! अंगारे-उताऱ्यांत दीड वर्ष गेले. अशा आजारात उपचाराला जितका उशीर, तितके बरे होणे अवघड, हे डॉक्टरांकडून कळले तेव्हा आम्ही सुन्न झालो. भाऊ आता गोळ्यांवर सावरतो आहे. काकूच्या अंगणात मात्र आमच्या घरचे कोणी अजून पाऊल टाकत नाही. तिच्या मनाला काय लागले असेल, हे आजवर कोणी विचारलेले नाही.

कुणावर करणीचा आळ घेणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साखळीने बांधणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. वाडीवस्तीवर हे किती जणांना ठाऊक आहे?

गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रम चालतो. तिथे मुजावरच रुग्णाला मानसोपचाराकडे पाठवतात, दुआही चालू राहते. आपल्या देवस्थान समित्यांनी हे मनावर घ्यावे. निदान देवळाच्या फलकावर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक तरी लिहावा. आपणही तो या पत्रासोबत ठळक छापावा, ही विनंती.

– एक वाचक, सावंतवाडी